आमच्या सोसायटीचा एसटीपी: मशीनला चार स्टार, पहिल्या एएमसीला अर्धा

सुरुवातीलाच सांगते, एसटीपी म्हणजे मैलापाणी साफ करायचा प्लँट, आणि कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर जुन्या एएमसीवाल्याबरोबर (एएमसी म्हणजे वर्षाचं देखभालीचं कंत्राट) बिलाचं भांडण अजून मिटायचंय, आणि दुसरं म्हणजे नावानं खरंच काही फरक पडत नाही, याच मेकचा प्लँट आमच्यापासून दोन चौक पलीकडच्या सोसायटीत झक्कास चालत होता आणि आमच्याकडे त्याच वेळी पाहुणे आले की खिडक्या लावून घ्यायला लागायच्या. त्यामुळे हा रिव्ह्यू मशीनच्या टाईपचा आणि ते चालवून देणाऱ्या सर्व्हिसचा आहे. ज्यांना बिल्डरनं आत्ताच हँडओव्हर दिलाय किंवा द्यायचाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांना किळस येईल, आधीच सांगून ठेवते, जेवताना वाचू नका.

तर, नाशिक, पाथर्डी फाट्याच्या बाजूला, १६० फ्लॅट, प्लँट १०० केएलडीचा म्हणजे दिवसाला एक लाख लिटर मैलापाणी साफ करायची क्षमता, एमबीबीआर टाईप (म्हणजे काय ते पुढे सांगते), बेसमेंटमध्ये, आणि त्या बेसमेंटच्या बरोब्बर वर पहिल्या मजल्यावर माझी बेडरूम. मी कमिटीत का शिरले ते कळलंच असेल.

हा शंभरचा आकडा कुठून येतो ते समजून घ्या कारण पुढे भांडायला उपयोगी पडतो. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा सरकारी हिशोब, घरटी साडेचार माणसं धरली की १६० फ्लॅटची ७२० माणसं, झाले ९७ हजार लिटर, म्हणून गोळाबेरीज १००. आता यातलं सगळं काही गटारीत येत नाही, ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतं, शिवाय आमच्याकडे बरेच फ्लॅट इन्व्हेस्टमेंटवाल्यांचे, कुलूपबंद. म्हणजे प्लँटवर साठ-पासष्ट हजार लिटरच्या वर लोड जात नाही. तरी पहिला एएमसीवाला दर मीटिंगला यायचा आणि सांगायचा की मॅडम तुमचा प्लँट छोटा पडतोय, अजून एक टाकी लागेल. इनलेटचं फ्लो मीटर बंद पडलं होतं आणि कुणी बघितलंच नव्हतं! मीटर दुरुस्त केल्यावर "छोटा पडतोय" हे वाक्य परत कधी ऐकू आलं नाही.

मशीन कसं आहे ते आधी, कारण ते चांगलं आहे आणि चांगल्याला चांगलं म्हणावं.

सगळ्या बिल्डिंगचं पाणी आधी जाळीवर येतं. जाळीत काय काय सापडतं हे मी लिहीत नाही, फक्त एवढंच सांगते की पाकिटावर "फ्लश करता येतं" असं छापलेले वेट वाइप्स फ्लश करता येत नाहीत, ते विरघळत नाहीत, दोरखंड होऊन पंपात जातात, आणि सॅनिटरी पॅडचं तेच. किचनच्या लाइनला वेगळा ग्रीस ट्रॅप आहे, तो एरवी आठवड्याला साफ केला तरी चालतो पण दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत रोज उघडावा लागतो, चकल्या-शंकरपाळ्यांचं उरलेलं तेल लोक सरळ सिंकमध्ये ओततात आणि खाली त्याची वडी थापल्यासारखा थर बसतो.

मग मोठी टाकी, तिला इक्वलायझेशन म्हणतात. सकाळी सहा ते नऊ अख्खी सोसायटी एकदम आंघोळीला, दुपारी काहीच नाही, मग रात्री भांडी, असं खालीवर येणारं पाणी इथे साठवून पुढे एकसारखं सोडायचं. पुढची टाकी म्हणजे एमबीबीआर. त्यात प्लास्टिकचे छोटे छोटे चाकासारखे तुकडे असतात, हजारो, आतून जाळीजाळीचे, त्याला सगळे मीडिया म्हणतात. खालून ब्लोअरनं हवा सोडली की ते तुकडे पाण्यात गरगरत राहतात आणि त्यांच्या अंगावर बॅक्टेरियाचा बुळबुळीत थर धरतो, घाण खातो तो हा थर. माणूस किंवा केमिकल काही करत नाही, सगळं काम त्या थराचं. नवीन मीडिया पांढराशुभ्र असतो, चांगल्या चाललेल्या प्लँटमधला चॉकलेटी असतो. आमचा हँडओव्हर घेताना मीडिया पांढराच होता आणि बिल्डरचा माणूस कौतुकानं सांगत होता की बघा किती स्वच्छ ठेवलाय.

त्याच्यापुढे ट्यूब सेटलर, तिथे गाळ खाली बसतो, वरचं पाणी हायपो म्हणजे क्लोरीनचं औषध टाकून वाळूच्या फिल्टरमधून आणि मग कार्बनच्या फिल्टरमधून जातं आणि फ्लशच्या टाकीत चढतं. खाली बसलेला गाळ म्हणजे स्लज वेगळ्या टाकीत काढायचा आणि फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या करायच्या. झालं, एवढंच मशीन आहे. पंप, ब्लोअर, दोन फिल्टर, चार-पाच टाक्या. बिघडण्यासारखं कमी आहे म्हणून चार स्टार. एक स्टार ब्लोअरच्या आवाजासाठी कापला. रात्री रहिवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आमच्या बिल्डरनं ब्लोअर सरळ स्लॅबला बोल्ट मारून बसवला होता, त्यामुळे तो आवाज कानानं नाही, पलंगाच्या पायातून यायचा. खाली रबराचे पॅड आणि भोवती साउंडप्रूफ पेटी केल्यावर झोप लागायला लागली, खर्च फार नाही, हँडओव्हरच्या आधी बिल्डरकडूनच करून घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.

आता सर्व्हिस. इथे खरा रिव्ह्यू सुरू होतो.

पहिल्या एएमसीत लिहिलं होतं "ऑपरेटर दोन शिफ्ट, महिन्याला लॅब रिपोर्ट, वर्षाला सर्व्हिसिंग". प्रत्यक्षात एकच पोरगा यायचा, त्याच्याकडे आजूबाजूच्या आणखी सोसायट्या होत्या, सकाळी येऊन मोटारी चालू करून बाइकवर पुढच्या प्लँटला जायचा. त्याचा दोष नाही, त्याला पगारच तेवढ्याचा होता. पण एसटीपी हे मशीन असलं तरी वागतं गोठ्यातल्या जनावरासारखं, रोज कुणीतरी समोर उभं राहून बघावं लागतं, खाल्लं का, रवंथ करतंय का, त्याला रविवार कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. उलट दिवाळीच्या सुट्टीत अर्धी सोसायटी गावाला गेली की प्लँटला खायलाच मिळत नाही, आणि लोक परत आले की एकदम डबल लोड. त्या दिवसांत हवा आणि पाण्याचा फ्लो हातानं कमी-जास्त करायला माणूस लागतो. वरच्या टाक्या धुवायला येणारे ब्लीचिंगचं पाणी तसंच ड्रेनेजला सोडतात, त्या दिवशीसुद्धा खाली कुणी असेल तरच कळतं, नाहीतर तो सगळा चॉकलेटी थर झोपतो.

त्यात आमच्याच कमिटीतल्या एका काकांनी वीजबिल बघून शोध लावला की रात्री ब्लोअर बंद ठेवू, रात्री कोण संडासला जातंय! एएमसीवाल्यानं लगेच मान डोलावली, त्याचाही बेल्ट कमी झिजणार. हवा बंद झाली की पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, मग दुसऱ्या जातीचे बॅक्टेरिया कामाला लागतात, हवेशिवाय जगणारे, आणि ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात, सडलेल्या अंड्याचा वास. पाणी राखाडीचं काळं होतं. सकाळी ब्लोअर चालू केला की रात्रभर पाण्यात साठलेला तो गॅस एकदम वर येतो, म्हणजे बरोब्बर सहा वाजता, लोक वॉकला निघतात तेव्हा. चांगल्या प्लँटला वास नसतोच असं नाही पण तो ओल्या मातीसारखा असतो, नाक मुरडावं असा नाही. तुमच्या एसटीपीच्या दारात उभं राहून अंड्याचा वास आला तर कुठला रिपोर्ट मागायची गरज नाही, उत्तर मिळालं.

रिपोर्टवरून आठवलं. पहिल्या कंपनीचे लॅब रिपोर्ट मी सगळे काढून टेबलावर मांडले तर दर महिन्याला बीओडी ८, टीएसएस (पाण्यात तरंगणारे कण) १२, पीएच ७.२, उन्हाळा असो की पावसाळा, आकडा हलत नाही. इतकं शिस्तीचं मैलापाणी जगात कुठेच नसतं. बीओडी म्हणजे त्या पाण्यातली घाण खायला बॅक्टेरियाला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप, कच्च्या मैलापाण्यात लिटरला दोनशे-अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि आपल्याला ते १० च्या खाली आणायचंय. आम्ही न सांगता दुसऱ्या लॅबचा माणूस बोलावला, सॅम्पल त्यानंच घेतलं, बीओडी साठच्या पुढे. एएमसीवाला म्हणाला सॅम्पलची बाटली उन्हात राहिली असेल. त्याच मीटिंगमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपवलं. अर्धा स्टार देतेय तो त्या ऑपरेटर पोराला, कंपनीला शून्य.

आता जे लिहितेय ते कृपा करून वगळू नका.

मधल्या काळात डिफ्युझर फाटले होते. टाकीच्या तळाशी रबरी नळ्या असतात, त्यांना बारीक छिद्रं, त्यातून हवा येते. फाटलेलं ओळखायला सोपं, टाकीत एका कोपऱ्यात मोठे बुडबुडे उकळी फुटल्यासारखे आणि बाकी पाणी शांत. एएमसीवाल्यानं सांगितलं काही नाही, टाकी अर्धी रिकामी करू, दोन माणसं उतरवू, तासाभराचं काम. दोन माणसं म्हणजे नाक्यावरची, दोरी आणि बादली घेऊन आलेली, अंगात बनियन. मी आणि आमच्या चेअरमननं गेटवरच थांबवलं. हायड्रोजन सल्फाइडचं वाईट हे आहे की थोडा असेल तर वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गेला गॅस, आणि तो खाली कोसळतो. मग वरचा दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. अशा बातम्या पेपरमध्ये येतच असतात, एकाच टाकीत दोन जण, तीन जण, आणि कितीतरी वेळा ती टाकी सोसायटीचीच असते.

हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदीचा कायदा २०१३ चा आहे, त्यात सुरक्षासाधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. असं कुणी गेलं तर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं भरपाई १० लाख सांगितली होती, ती ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख केली. काही लोकांना रकमेनंच कळतं म्हणून रक्कम लिहिली. एएमसीत स्पष्ट लिहून घ्या की टाकीत माणूस उतरणार नाही, आणि उतरायची वेळच आली तर हवा सोडणारा ब्लोअर, गॅस डिटेक्टर, हार्नेस, तिपाई आणि वर दुसरा माणूस, हे सगळं ट्रेनिंगवाल्या टीमचं. आणि नवीन डिफ्युझर घेताना "रिट्रीव्हेबल" मागा, म्हणजे पाइपसकट वर ओढून काढता येतात, टाकी रिकामी करायला नको आणि आत उतरायला तर नकोच. थोडे महाग पडतात. आमच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, यावर पाऊण तास चर्चा झाली आणि त्याच एजीएममध्ये गणपतीच्या डेकोरेशनचं बजेट पाच मिनिटांत पास झालं, असो.

नवीन एएमसीवाला आला तेव्हा त्यानं पहिलं काम काय केलं तर दुसऱ्या एका चालू प्लँटमधला चांगला स्लज टँकरनं आणून आमच्या टाकीत ओतला. विरजण म्हणा हवं तर. स्लज मिळत नसेल तर शेण कालवून घालतात, वर गुळाचं पाणी, थोडा युरिया, डीएपी. आमच्या ऑपरेटर पोरानं तेही घातलं, तो सुरगाण्याकडचा, शेतीतला, त्याला शेण-गूळ म्हटल्यावर जीवामृतच आठवलं, कुणी काही शिकवायला लागलं नाही. पण थर धरायला तीन-चार आठवडे जातात, त्या काळात वास राहणार, पाणी गढूळ राहणार, सोसायटीच्या ग्रुपवर शिव्या येणार, तेवढं सोसायचं. आता माणूस दोन्ही शिफ्टला असतो, ब्लोअर दोन आहेत ते आलटून पालटून चालतात, फिल्टरचं बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) रोज होतं आणि वहीत लिहिलं जातं. बीओडी कधी ७ येतो, कधी ११, एकदा १४ आला तेव्हा एएमसीवाल्यानंच आधी फोन करून सांगितलं. आकडा हलतो म्हणजे खरा आहे. नव्या सर्व्हिसला साडेतीन. दीड कापला तो स्लजसाठी, फिल्टर प्रेस चालवायचा सगळ्यांना कंटाळा, कापडं धुवावी लागतात, म्हणून गाळ टाकीतच साठवत राहतात आणि सेटलर भरला की तो पुढे फिल्टरमध्ये येतो. मागे लागावं लागतं. सुकलेल्या वड्या बागेत घालतो, जास्वंद चांगली आली आहे, पण भाजी-कोथिंबिरीला ते खत घालू नका.

फ्लशच्या पाण्याबद्दल सगळ्यांना उत्सुकता असते म्हणून थोडं. पाणी दिसायला किंचित पिवळसर, वास जवळपास नाही. फ्लॅट आठ-पंधरा दिवस बंद राहिला तर कमोडमध्ये डाग पडतो आणि पहिल्या फ्लशला वास येतो, दोनदा ओढलं की जातो. फ्लश टँकच्या आतली वायसर लवकर बुळबुळीत होतात, प्लंबर वर्षाला एकदा लागतोच. घोळ वेगळाच झाला, एका फ्लॅटमध्ये बाथरूमचं रिनोव्हेशन काढलं आणि प्लंबरनं जेट स्प्रे फ्लशच्या लाइनला जोडला, जवळचा पाइप दिसला म्हणून. बरेच दिवस त्या घरात कुणाला कळलं नाही, आणि कळल्यावर जे काही ऐकायला मिळालं ते इथे टाइप करता येणार नाही. त्यामुळे आता नियम केलाय, बाथरूम फोडायचं असेल तर आधी कमिटीचा माणूस येऊन पाइप दाखवणार, फ्लशच्या लाइनला वेगळा रंग मारलाय, आणि काम झाल्यावर तपासणी झाल्याशिवाय डिपॉझिट परत नाही.

बागेला हेच पाणी जातं. लॉनला चालतं पण कुंड्यांत पांढरट क्षार दिसतात, कारण एसटीपी घाण काढतो, मीठ नाही, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, तो जेवढा आत येतो साधारण तेवढाच बाहेर जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात तेव्हा जास्त जाणवतं. कुंड्यांना पावसाळ्यात भरपूर पाणी मिळालं की धुऊन निघतं, नसेल तर मधूनमधून साधं पाणी घाला.

पैशाचं. ब्लोअर ५ एचपीचा, दिवसाला १८-२० तास, म्हणजे एकटा तोच रोज सत्तरेक युनिट खातो, पंप वगैरे धरून शंभर. वीज, माणसं, हायपो, लॅब सगळं मिळून महिन्याला साठ-पासष्ट हजार, घरटी चारशे रुपये. बदल्यात मिळतं काय, तर १३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशचे धरतात, पूर्ण भरलेल्या सोसायटीला रोज ३२ हजार लिटर, आमच्याकडच्या भरलेल्या फ्लॅटनुसार पंचवीसेक हजार. म्हणजे उन्हाळ्यात दहा हजारी टँकर रोज अडीच कमी. मार्च ते जून हा प्लँट स्वतःचे पैसे स्वतः काढतो, पावसाळ्यात गंगापूर धरण भरलेलं आणि नळाला भरपूर पाणी तेव्हा लोकांना तो डोईजड वाटतो. दर ऑगस्टमध्ये एक तरी मेसेज येतो, बंद करून सरळ महापालिकेच्या ड्रेनेजला जोडू या का.

तर नाही जोडता येत. २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम असलं की पर्यावरण मंजुरी लागते आणि आमच्या मंजुरीत एसटीपी चालू ठेवण्याची अट आहे, प्रदूषण मंडळाची संमती त्यावरच आहे. पण नियम बाजूला ठेवला तरी एक प्रश्न मला स्वतःला खटकायचा, की शहराचे एवढे मोठे प्लँट आहेत, तपोवनचा १३० एमएलडीचा (दिवसाला १३ कोटी लिटर) आहे, म्हणजे आमच्यासारखे तेराशे प्लँट एका ठिकाणी, मग आमच्या बेडरूमखाली हा कशाला? म्हणून थोडं वाचलं, विचारलं. तपोवन, आगरटाकळी हे जुने प्लँट यूएएसबी पद्धतीचे, म्हणजे तिथे हवा न सोडता खालच्या गाळाच्या थरातून पाणी वर चढवतात, गाळातले बॅक्टेरिया घाण खाऊन गॅस करतात, वीज फार लागत नाही, आपल्या उष्ण हवेला ती पद्धत सोसते. पण त्यानं पाणी एका हद्दीपर्यंतच साफ होतं. ते बांधले तेव्हा बीओडी ३० चालत होतं, २०१९ मध्ये हरित लवादानं १० चा आग्रह धरला, आणि आता २०२७ चा कुंभ तोंडावर आल्यावर अपग्रेडची पळापळ चालली आहे. रामकुंडावर स्नानाला येणाऱ्यांना आकडे माहीत नसतात, पण तपोवनाच्या खाली नदीवर फेस दिसतो तो सगळ्यांना दिसतो. आणि देशाचा हिशोब तर याहून वाईट, केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात शहरांचं मैलापाणी ७२,३६८ एमएलडी आणि बसवलेली क्षमता ३१,८४१, त्यातलीही सगळी चालू नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी तसंच कुठल्यातरी नदीत जातं.

मला वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आम्ही एवढं साफ केलेलं पाणी, फ्लश आणि बाग जाऊन जे उरतं, ते रोज तीस हजार लिटरच्या आसपास परत महापालिकेच्या ड्रेनेजलाच सोडतो, तिथे ते मैलापाण्यात मिसळतं आणि शहराचा प्लँट ते पुन्हा साफ करतो. एकाच पाण्याला दोनदा वीज! शेजारी बांधकाम चालू होतं तेव्हा त्यांना क्युरिंगला दिलं, फुकट, त्यांचे टँकर वाचले. ते संपलं. नागपूरनं भांडेवाडीचं १३० एमएलडी साफ केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देऊन दाखवलंय, म्हणजे गिऱ्हाईक असलं की हे पाणी खपतं, पण एकेका सोसायटीनं गिऱ्हाईक कुठून शोधायचं? चार-पाच सोसायट्यांना मिळून एक कॉमन पाइप टाकून रस्त्याच्या दुभाजकातल्या झाडांना तरी देता येईल, असं पत्र दिलंय, बघू.

नवीन प्लँट निवडायची संधी ज्यांना आहे त्यांनी विचारलं होतं की एमबीबीआरच घ्यायचा का. एसबीआरमध्ये एकाच टाकीत हवा, मग शांत बसवणं, मग वरचं पाणी काढणं, असं पाळीपाळीनं चालतं, पाणी चांगलं निघतं पण सगळं पीएलसीवर म्हणजे ऑटोमॅटिक कंट्रोलवर, आणि पीएलसी बिघडलं की आपल्याकडे येणारा माणूस पुण्याहून येतो. एमबीआरमध्ये मेम्ब्रेन म्हणजे अगदी बारीक छिद्रांचे पडदे असतात, पाणी इतकं नितळ की ग्लासात भरून दाखवतात, सेल्समनला तेच आवडतं, पण मेम्ब्रेन चोक झाले की धुवायचं केमिकल आणि काही वर्षांनी बदलायचा खर्च ऐकून खुर्ची घट्ट धरावी लागते. शंभर केएलडीपर्यंत, साधी कमिटी, साधा ऑपरेटर असेल तर एमबीबीआर बरा. फक्त मीडिया बाहेर जाऊ नये म्हणून लावलेली जाळी स्टीलची आहे ना ते बघा, आमची प्लास्टिकची होती, फाटली, आणि ती सगळी चाकं ट्यूब सेटलरमध्ये जाऊन बसली, वेचून काढायला पोरांना दोन दिवस लागले, गाळणीनं, वरून, आत न उतरता.

हँडओव्हर घेताना बिल्डरला ब्लोअरचा मेक वगैरे विचारत बसू नका, ते कागदावर असतंच. वीजबिल मागा, फक्त एसटीपीच्या सबमीटरचं, मागच्या सहा महिन्यांचं. शंभर केएलडीचा प्लँट महिन्याला आठशे युनिटवर चाललेला दिसला तर तो चाललेलाच नाही. आमच्या बिल्डरनं सबमीटरच बसवला नव्हता, त्याचं कारण मला उशिरा समजलं. आणि एएमसीवाल्याला एकच विचारा, तुमचा माणूस दिवसात किती तास खाली असणार आणि त्याला पगार तुम्ही किती देणार. दुसऱ्या प्रश्नावर जो रागावेल त्याला चहा पाजून पाठवून द्या.

सध्या आमचा कार्बन बदलायचा झालाय, पाण्याला पुन्हा पिवळी झाक यायला लागलीये. तीन कोटेशन आलीत, त्यातलं सगळ्यात स्वस्त आहे त्यानं आयोडीन व्हॅल्यूच (कार्बन किती शोषून घेतो त्याचं माप) लिहिलेली नाही, विचारली तर म्हणाला "मॅडम हाय क्वालिटी आहे". मला ९०० च्या वरचा, टेस्ट सर्टिफिकेटसकट हवाय. नाशिकमध्ये किंवा अंबड-सातपूर एमआयडीसीत कुणाच्या ओळखीचा सप्लायर असेल तर खाली लिहा, जुना कार्बन उचलून नेणारा असेल तर फारच बरं.